वनाआबाची चार बोटं

सातझिरीच्या धरणात जाळं टाकायचं तर ते आधी वनाआबाच्या हातातून जावं लागतं. श्रावणातला कानबाईचा सण उरकला, नैवेद्याचे रोट संपले, की पुढच्या बुधवारी भोईवाड्यातली सगळी जाळी धरणाच्या भिंतीखाली, मोठ्या निंबाजवळ येतात. आबा खाटेवर बसतो. ज्याचं जाळं तो समोर उकिडवा बसून जाळ्याचा एक डोळा दोन्ही हातांनी ताणून धरतो. आबा अंगठा मुडपतो, उजव्या हाताची चार बोटं जुळवतो आणि त्या डोळ्यात घालतो. मुळापर्यंत गेली तर जाळं पास. आबा त्याच्या कोपऱ्याला लाल धागा बांधतो. नाही गेली तर जाळं गुंडाळायचं आणि घरी न्यायचं. त्यावर वाद नाही. पास झालेलं जाळं त्या हंगामात परत तपासायचं नाही, हाही नियमच. तीस वर्षं हे असं चाललंय.

त्याच्याआधी धरण ठेकेदाराकडं होतं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे एवढं पाणी, आणि ठेकेदाराची माणसं मच्छरदाणीसारखी जाळी घेऊन उतरायची. पोटात अंडी असलेली मासळी नाही बघितली, बोटाएवढं पिल्लू नाही बघितलं. तीन वर्षांत धरण खरवडलेल्या पातेल्यासारखं झालं. ठेकेदार गेला दुसऱ्या धरणावर. भोई कुठं जाणार? मग त्यांनी संस्था काढली, धरण संस्थेच्या नावावर घेतलं आणि मारुतीच्या ओट्यावर पहिली मीटिंग भरली. ठरलं, की चार बोटांच्या खाली जाळं कोणी टाकायचं नाही. बारीक मासा त्यातून निघून जाईल, वर्षभर वाढेल, मग येईल.

"चार बोटं, पन कोनी?" कुणीतरी विचारलं.

सगळे आपापला हात बघायला लागले. बन्सीलालनं आपला पंजा वर केला. केळीच्या फण्यासारखा पंजा.

"बन्सीलालना हात धरात ते मंग आपले धरणमा मगरच पाळनी पडी!"

हसून हसून ओटा हलला. शेवटी वना भोईचा हात सगळ्यांना पटला. ना जाड, ना बारीक. वना तेव्हा छत्तीस वर्षांचा. जाळं विणण्यात, सांधण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता आणि खोटं बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. दूरच्या वाडीवरच्या लोकांना घरच्या घरी माप घेता यावं म्हणून वनानं त्याच रात्री आपला हात बांबूच्या कांबीवर ठेवला, दोन्ही बाजूंनी सुरीनं खूण केली आणि एक फळी तासली. वर्ष-दोन वर्षं ती फळी फिरली. मग लोक म्हणाले, हात असताना फळी कसाले? फळी वनाच्या बायकोच्या, बेबाबाईच्या, पेटीत गेली आणि विसरली गेली.

धरण मात्र भरलं. दर श्रावणात संस्था बोटुकली सोडायची, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं. ती वर्षाला किलो-सव्वा किलोची होऊन यायची. बेबाबाई टोपली घेऊन शिरपूरच्या मच्छीबाजारात बसायची आणि गिऱ्हाईक सातझिरीचा कटला म्हणून नाव घेऊन मागायचं.

सहा वर्षांमागं आबाच्या पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं, तर साखर निघाली. तेव्हापासून आबा वाळत चालला. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. बोटातली चांदीची अंगठी फिरायला लागली, तर बेबाबाईनं तिला आतून दोरा गुंडाळून दिला. पुढं दोराही पुरेना. अंगठी डब्यात गेली. पण बुधवार आला की आबा दाढी करून, टोपी घालून निंबाखाली बसायचा आणि त्याचा हात तसाच जाळ्यांतून फिरायचा.

मासा कधी लहान व्हायला लागला ते नेमकं कोणाला सांगता येत नाही. एकदम झालं नाही ते. बेबाबाईला टोपलीवरून कळलं.

"पहिले एक कटला उचलाले माले दोन्ही हात लागेत," ती म्हणायची. "आते एका हातमा तीन मावतस. काल एक गिऱ्हाईक माले इचारस, बाई, मासा आना का बोटुकली?"

"कोनतरी बारीक जाळं टाकी ऱ्हायनं," आबा म्हणायचा.

"कोन?"

"सापडी. पानीमा कोनबी लपी ऱ्हास नही."

एकदा हे बोलणं सुरू झालं की ते गावात वाऱ्यावर राहत नाही, कुणाच्या तरी दारात जाऊन बसतं. ते बसलं लोटनच्या दारात. लोटन घरजावई. तापीकाठच्या प्रकाशा गावचा माणूस, सारिकाशी लग्न करून इथं आला. सारिकाचा बाप आणि आबा वीस वर्षं एका होडीत होते. बाप गेला तेव्हा त्याची संस्थेतली जागा आबानंच पुढं होऊन लोटनला मिळवून दिली होती. पण बाहेरचा तो बाहेरचाच.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी लोटनची होडी काठाला लागली आणि संस्थेचा चेअरमन रुपचंद क्रेटमध्ये डोकावला. सगळा पाव-पाव किलोचा माल. रुपचंदनं त्याचं जाळं वर ओढलं, आपली बोटं घातली. तीन गेली, चौथं अडकलं. अर्ध्या तासात चाळीस माणसं काठावर गोळा झाली आणि आबाला घरून बोलावून आणलं.

"देखा आबा. मनी तीनच बोटं जातस."

"आबा, धागा देखा ना," लोटन म्हणाला. तो घाबरलेला नव्हता, उलट निर्धास्त होता. "तुमनाच धागा शे. नवं जाळं शे, औंदाच लिनं. बुधवारे तुम्हीच पास कयं. 'गाठोडं घट्ट बांध' असं बी सांगं तुम्ही माले."

आबानं धागा बघितला. लाल होता. गाठ आपलीच वाटत होती.

"आबा, एकदाव हात घाली देखा," मागून कुणीतरी म्हणालं.

इथं आबा चुकला. दुसरा कोणी असता तर त्यानं हात घालून बघितला असता. पण तीस वर्षं ज्याच्या हाताला कोणी उलटून विचारलं नाही त्याला ते आवाहन झोंबलं.

"मना हात एकदाव बोलस," तो म्हणाला. "दोनदाव बोलाले तो काय कोर्टमाना गवाह शे? मी असं जाळं पास करनारच नही. धागानं काय, लाल धागा दुकानमा बी भेटस."

लोटनचं तोंड उघडंच राहिलं. सारिका गर्दी सारून पुढं आली.

"आबा, मना बाप वीस वरीस तुमना संगे एका होडीमा बठना. त्याना जवाईले चोर म्हनी ऱ्हायनात? तुम्हले खरं याद नही, का याद करानं नही?"

आबानं टोपी सारखी केली आणि घराकडं वळला.

जाळं तिथंच जाळलं. नायलॉनचं जाळं जळत नाही, वितळतं. काळे काळे थेंब खडकावर पडत राहिले आणि त्याचा घाण धूर लोटनच्या अंगावर येत राहिला, तरी तो बाजूला सरकला नाही. संस्थेनं त्याला एक वर्ष धरणाचं पाणी बंद केलं. आठ दिवसांनी तो रावेरकडं केळीच्या गाड्या भरायला निघून गेला. सारिका दुसऱ्यांचे मासे घेऊन बाजारात बसू लागली. बेबाबाईच्या शेजारी तिची जागा होती, ती सोडून पार टोकाला, गटारीजवळ बसू लागली.

आणि मासा? मासा लहानच येत राहिला.

आषाढ सरत आला होता, मासेमारीची बंदी चालू होती. अंड्यांचे दिवस, होड्या काठाला उलट्या घालून ठेवलेल्या. बेबाबाईनं कानबाईसाठी नवी साडी काढायला पेटी उपसली, तर तळातून ती फळी निघाली. बांबू पिकून तांबूस झाला होता, कडेला सुरीच्या खुणा अजून दिसत होत्या.

"हाई काय शे हो? टाकू का चुल्हामा?"

"आन इकडे," आबा म्हणाला.

त्यानं ती मांडीवर घेतली. सहज, जुन्या सदऱ्यात हात घालून बघावा तसा, चार बोटं जुळवून फळीवर ठेवली. फळी एका बाजूनं बाहेर दिसत राहिली. त्यानं हात सरकवला. आता ती दुसऱ्या बाजूनं दिसायला लागली. त्यानं बोटं पसरून बघितली, पुन्हा जुळवली. मग डाव्या हाताचं एक बोट त्या उरलेल्या जागेवर टेकवलं. बरोबर मावलं. पाच बोटं झाली तेव्हा चार भरली.

"फळी फुगनी का वं?" त्यानं विचारलं.

बेबाबाई साडीची घडी मोडत होती, तशीच थांबली.

"बांबू पेटीमा फुगस का कव्हय?" ती म्हणाली. मग साडी बाजूला ठेवून, "तुमनी अंगठीले मी दोरा गुंडाळा. दोनदाव गुंडाळा. तुम्हले वाटनं अंगठी मोठी व्हयनी?"

आबा त्या दिवशी जेवला नाही. एकेक जाळं त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागलं. पहिल्या वर्षी कणभर बारीक. पुढच्या वर्षी आणखी कणभर. जुनी जाळी फाटत गेली, नवी येत गेली आणि प्रत्येक नवं जाळं त्याच्या वाळत्या हाताएवढं. लोटनचं जाळं सगळ्यांत नवं होतं, म्हणून सगळ्यांत बारीक होतं. एवढंच. बारीक जाळं टाकणारा सहा वर्षं तो शोधत होता आणि तो निंबाखाली टोपी घालून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो सारिकाच्या घरी गेला. लोटन कानबाईसाठी गावी आलेला होता, ओसरीत विडी ओढत बसला होता. आबानं फळी त्याच्यापुढं ठेवली, वर आपला हात ठेवला. लोटननं बघितलं आणि विडी विझवली.

सारिका चुलीपासून उठून आली. तिनंही बघितलं.

"जाळं पेटाडी दिनं," ती म्हणाली. "वरीस गयं. मना नवरा केळना घड वाही वाही खांदा सोली उना. आते हात दखाडाले उनात?"

"बुधवारे बठ्ठासना समोर सांगस."

"सांगा."

"तुम्ही दोन्ही या."

"कसाले? परत कोनी थुकाले पाहिजे म्हनीसन?"

लोटन मधे पडला. "ऱ्हाऊ दे ना वं. मोठा मानूस शे."

"मोठा शे म्हनीसनच तर त्यानं आयकं ना बठ्ठासनी," सारिका म्हणाली आणि आत गेली. आबा पायऱ्या उतरला तेव्हा आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

बुधवार आला. निंबाखाली खाट टाकलेली. एकेचाळीस जाळी, एकेक गाठोडं, एकेक मालक. आबानं दाढी केली होती, पण टोपी घातली नव्हती. तो खाटेवर बसला नाही, उभाच राहिला. फळी वर धरून त्यानं जे होतं ते सांगितलं. हात वाळला. माप खोटं झालं. लोटन खरा होता, मी खोटा होतो. आजपासून हाताला विचारू नका, ह्या फळीला विचारा.

त्याला वाटलं होतं गलका होईल. कोणी शिवी देईल, कोणी उठून जाईल. तसं काहीच झालं नाही. लोक खाली बघत होते. कुणी गाठोड्याची दोरी चाळवत होता, कुणी तंबाखू मळत होता. आबानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"तुम्हले मालूम व्हतं?" त्यानं विचारलं.

रुपचंद खाकरला. "आबा, तुमनी अंगठी ढिली व्हयनी ते काय आम्हले दखायनं नही का?"

"मंग बोलनात का नही?"

"काय बोलतूत? हात बारीक व्हयना, जाळं बारीक व्हयनं, क्रेट भराले लागनं. कोनाले नको व्हतं?"

"आनि लोटन?"

रुपचंदनं इकडं तिकडं बघितलं. "लोके बोंब मारी ऱ्हायन्तात, मासा लहान व्हयना, चोर कोन, चोर कोन. बठ्ठा गावले चोर म्हनता येस का आबा? एकलेच म्हनता येस."

आबा खाटेवर बसला. फळीनं त्यानं पहिलं जाळं तपासलं, नापास. दुसरं, नापास. तिसरं जुनं होतं, सांधलेलं, ते पास झालं. दहापर्यंत गेला तेव्हा दोन पास झाली होती. मागं कुजबूज वाढली.

"आबा, असं कसं चालई?" रुपचंद आता जवळ येऊन बसला. आवाज गोड केला त्यानं. "हंगाम समोर शे. एवढा जाळा लोकेसनी फेकाना का? अडीच महिना चुली थंड्या व्हत्यात. आपन असं करूत. लोटनले आजच परत लेतस. वरीसनी बंदी उठी गई. चूक व्हयनी असं मीच सांगस बठ्ठासना समोर. फळी मातर पिशवीमा ठेवा. पुढला साल देखूत."

"दोन्ही व्हवाले पाहिजे."

"दोन्ही व्हनार नही, आबा. लोटन लेवाना तर लोटन ल्या. फळी लेवानी तर बठ्ठासनी मतं ल्या, आनि मोजा किती हात वर येतस."

आबानं मान वर केली. गर्दीच्या शेवटी, उन्हात, लोटन आणि सारिका उभे होते. आले होते तर. सारिकाच्या डोक्यावर एक गाठोडं होतं.

आबानं मांडीवरची फळी उलटीपालटी केली. हे धरण त्यानं तीस वर्षं राखलं होतं, निदान तसं त्याला वाटत आलं होतं. आणि तो माणूस, त्याच्या जोडीदाराचा जावई, ज्याला त्यानं चाळीस माणसांत चोर केलं. त्यानं फळी पिशवीत घातली.

"ल्या लोटनले," तो म्हणाला. "पन मना हात आज कोनाच जाळामा जानार नही."

"नका घालू," रुपचंद लगेच म्हणाला, जणू हे आधीच ठरलं होतं. "नवीन, ये रे इकडे. बठ."

हा नवीन म्हणजे संस्थेचा सेक्रेटरी. बी. कॉम. झालेला, चष्म्याचा, पेन धरून धरून मऊ पडलेला हात. आबाच्या हातापेक्षाही बारीक. तो लाजत लाजत खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला. रांग आबासमोरून सरकली आणि नवीनसमोर लागली. लाल धाग्याची रीळ कुणीतरी आबाच्या मांडीवरून उचलून तिकडं दिली.

जाळ्यामागून जाळं पास होत गेलं.

शेवटी सारिका आली. पण ती नवीनकडं वळली नाही. गाठोडं आबापुढं टाकून तिनं त्याची पिशवी ओढली आणि फळी बाहेर काढली.

"आमनं जाळं हाई फळीवर पास करा."

"पोरी, नवीन करी ऱ्हायना..."

"माले मालूम शे नवीन काय करी ऱ्हायना. धुळाना दुकानदार माले सांगे, बाई, एवढा मोठा डोळाना जाळामा काय धरशी, डुक्कर? तरी तेच लिनं. परत कोनी मना नवराले बारीक जाळाना म्हनाले नको. कव्हयच नको." तिनं जाळ्याचा डोळा आबाच्या तोंडासमोर ताणून धरला. "घाला."

फळी आरपार गेली. कडेला वाराही गेला असता.

आबानं धाग्यासाठी हात पुढं केला. रीळ नवीनकडं होती. नवीननं ती द्यायला हात लांब केला, मग रुपचंदकडं बघितलं. सारिकानं जाळं गुंडाळलं. "धागा नको," ती म्हणाली. "धागा दुकानमा बी भेटस."

तिसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना लोटनची होडी पाण्यात शिरली तेव्हा आबा काठावर उभा होता. लोटननं हाक मारली. सारिका वल्ह्यावर होती. ती आबाकडं न बघताच म्हणाली, "बठनं व्हई तर बठा. पाय संभाळा, जखम व्हई." आबा चढला.

आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं लोटननं ओढायला घेतलं. दहा हात आलं. वीस हात. नुसतं पाणी गळतं, चमकतं, मोकळं जाळं. पन्नास-साठ हातांवर रुपचंदचं जाळं निघत होतं आणि त्या होडीत मासे पडल्याचा धपधप आवाज थांबत नव्हता. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "लोटन, जाळं टाकं का झोका बांधा?" सगळ्या होड्या हसल्या.

"दखा आबा," लोटन दबक्या आवाजात म्हणाला. "वारा इकथाईन तिकडे शे. आपला जाळामाईन निंघतस आनि त्याना जाळामा जातस."

आबा रुपचंदच्या होडीकडं बघत होता. जो मासा वाढावा म्हणून इथून सोडला तो तिथं, वाढायच्या आधी, पाव किलोचा होऊन क्रेटमध्ये पडत होता. उद्याही पडेल. पुढच्या श्रावणात बोटुकली पुन्हा सोडतील, कोणीतरी नारळ फोडेल, फोटो निघेल.

जाळ्याच्या शेवटी एकच कटला होता. दीड किलोच्या वरचा, जुन्या दिवसांतला वाटावा असा. सारिकानं वल्हं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तो सोडवला, दोन्ही हातांनी उचलला आणि क्रेटमध्ये ठेवला. तिनं पुन्हा वल्हं घेतलं.

जाळ्याचा ओला ढीग आबाच्या पायाशी पडला होता. त्यानं त्यातला एक डोळा उचलला, चार बोटं जुळवली आणि आत घातली. गेली. बाजूला जागा उरली. त्या जागेत त्यानं डाव्या हाताचं एक बोट ठेवलं आणि होडी काठाला लागेपर्यंत तसाच बसून राहिला.